ब्रेक सर

'जर'नं सुरू होणारं वाक्य सरांना सहन होत नाही. आपण सहज म्हणावं, "सर, जर उद्या पाऊस आला..." की त्यांचा पंजा वर. चौकातला पोलीस उसाचा ट्रॅक्टर अडवतो तसा. "जर नको. पर्याय सांग. पाऊस, ऊन, ढगाळ. तीन केसेस, आणि यांतलं काहीच नसेल तर शेवटी डिफॉल्ट." डिफॉल्टला काय करायचं हे विचारावं लागत नाही. डिफॉल्टला सर घरीच असतात.

सरांचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्यांना आजही सांगता येणार नाही. श्रीरामपुरात एका खता-बियाण्यांच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांचा क्लास होता. खाली किडे मारायचं औषध, वर बग मारायचं शिक्षण. मला अजून कुठं सेमिकोलन दिसला की कीटकनाशकाचा वास येतो. वर सहा संगणक, त्यांतले चार चालू, त्यांतल्या तिघांवर टर्बो सीचा तो निळा पडदा. सर फळ्यावर स्विच लिहायचे. एक केस लिहून झाली की खडू हवेत थांबायचा आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "ब्रेक!" पुन्हा केस, पुन्हा "ब्रेक!" हरिपाठात टाळकऱ्यांनी धरावं तसं. एकदा खाली दुकानाशी टेम्पो मागे घेणाऱ्या ड्रायव्हरनं आमचा गजर ऐकून खरोखर ब्रेक मारला आणि वरचं एक पोतं रस्त्यावर आलं. सरांनी खिडकीतून डोकावून पाहिलं आणि वळून म्हणाले, "बघा. शिकलेला नाही, पण ब्रेक विसरला नाही."

ज्यांचा संगणकाशी संबंध मोबाइलपुरता आहे त्यांना हा वाद सांगायला हवा, आणि तो सरांच्याच पद्धतीनं सांगतो. यंत्रापुढं एक किंमत आली: वार, अंक, एखादं अक्षर. तिच्याप्रमाणे पुढं काय करायचं ते ठरवायचे दोन रस्ते. एक स्विच, म्हणजे एसटी स्टँडवरच्या फलाटाच्या पाट्या. संगमनेर इथं, नेवासा तिथं, कोपरगाव पलीकडं. आपलं गाव वाचायचं आणि तडक त्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं. दुसरा इफ-एल्स, म्हणजे चौकशीची खिडकी. संगमनेरची गाडी गेली का? गेली. मग लोणीवरून जाणारी आहे का? आहे, पण आज बाजाराचा दिवस असेल तर थांबेल का? एकेक प्रश्न, ओळीनं, उत्तर मिळेपर्यंत.

सर पाटीच्या बाजूचे. पाटी जेवायला जात नाही, पाटी तंबाखू मळत नाही, पाटी उलट "तुम्हाला कुठं जायचंय?" असं खेकसत नाही. सरांचे साडू खिडकीच्या बाजूचे. तेही संगणकवालेच, बाजारतळाकडं त्यांचा टायपिंगचा आणि हिशेबाचा धंदा. ते एवढंच विचारायचे, "साडूभाऊ, गाडी पंक्चर झाली हे पाटीवर लिहिलेलं असतं का?"

स्विचमध्ये ब्रेकला एवढं महत्त्व का, हे मी पुढं बऱ्याच पुस्तकांत वाचलं. यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'ची आमची प्रत तर हाताळून पावाच्या लादीसारखी फुगली होती. पण मला ते कळलं सरांच्या रेल्वेमुळं. दौंड-मनमाड लाइन. "बेलापूरला चढलास. राहुरीला काम आहे. राहुरीला उतरलास, म्हणजे ब्रेक. न उतरता झोपलास तर? वांबोरी, विळद, नगर, सारोळा, विसापूर, काष्टी. प्रत्येक स्टेशन तुला लागणार, तुझं तिथं काम असो-नसो. सकाळी दौंडच्या फलाटावर डोळे चोळत बसशील." सी भाषेतला स्विच असाच आहे. केस म्हणजे फक्त चढायची जागा. उतरायचं कुठं ते गाडी सांगत नाही.

आणि न उतरण्याचाही कधी फायदा असतो, तोही आमच्याच गावात. आमचं गाव श्रीरामपूर आणि स्टेशन बेलापूर. नवा पाहुणा तिकिटावर बेलापूर वाचून घाबरतो, त्याला वाटतं नवी मुंबईला चाललो. सरांनी फळ्यावर लिहिलं, केस बेलापूर, त्याखाली काहीच नाही, ब्रेकही नाही, लगेच केस श्रीरामपूर, आणि मग एकदाच, 'इथं उतरा'. दोन नावं, एक गाव, एक ओळ. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा सरांचा मला पुण्यात सकाळी सातला फोन. मला वाटलं कुणी गेलं-बिलं. "अरे, जिल्ह्याची एक केस वाढली. जुनी काढू नकोस, जुन्या कागदांवर तीच आहे. दोन्ही एकाखाली एक लिही. आणि मधे ब्रेक टाकू नकोस!" आयुष्यात ब्रेक टाकू नकोस म्हणाले ते ही एकच वेळ. म्हातारी माणसं दोन्ही नावं सोडून नुसतं 'नगर' म्हणतात, ती तिसरी केस त्यांनी दुपारी पुन्हा फोन करून सांगितली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करिदिनाला, सर नवा धडा घेत नसत. तिळगूळ वाटायचे आणि १५ जानेवारी १९९० ची गोष्ट सांगायचे. त्या दिवशी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याच्या फोनचं जाळं सुमारे नऊ तास झोपलं होतं. ११४ मोठी एक्स्चेंजं. एक पडायचं, सावरायचं, सावरलो म्हणून शेजाऱ्यांना कळवायचं, आणि तो निरोप पोचता पोचता शेजारी पडायचा. तो सावरून निरोप धाडायचा आणि पहिला पुन्हा आडवा. घरातल्या तापासारखं फिरत होतं ते. कारण काय, तर सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामात एक चुकीच्या जागचा ब्रेक. स्विचच्या आत इफ, आणि त्या इफच्या पोटात हा ब्रेक. लिहिणाऱ्याला वाटलं असणार की यानं इफमधून बाहेर पडू. पण ब्रेक इफला ओळखतच नाही. तो थेट मोठ्या दारानं बाहेर पडला आणि आतली राहिलेली कामं तशीच राहिली. गंमत अशी की टेलिफोनच्या एक्स्चेंजलाही त्या धंद्यात स्विचच म्हणतात.

ही गोष्ट सर गहिवरून सांगत. एका करिदिनाला साडू तिळगुळाला आले होते, त्यांनी ती दारातून ऐकली.

"म्हणजे स्विचनं घात केला."

"स्विचनं नाही. स्विचच्या घरात इफ घुसवला, त्यानं."

"इफ बिचारा कोपऱ्यात बसला होता. ब्रेक तुमच्यावाला."

तिळगूळ तोंडात असताना भांडता येत नाही असं म्हणतात. ते खोटं आहे, मी पाहिलंय.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मात्र या वादात कधी पडल्या नाहीत. त्यांना पडायची गरज नव्हती. त्या जन्मजात इफ-एल्स होत्या, आणि इतक्या उत्तम होत्या की सरांना आयुष्यभर खोडून काढता आलं नाही. सर बाजाराला निघाले की त्या पदराला हात पुसत दारात यायच्या. "अहो, मेथी दहाच्या आत असली तर दोन जुड्या आणा, नाहीतर एक. पण भिजलेली असली तर आणूच नका. पालक असला तर बघा, पण मेथी दोन घेतल्या तर पालक कशाला? आणि तुमच्या बहिणीकडचे येणार असले तर वांगी." सर पिशवी धरून उभे. "अगं, भाजी हे एक व्हेरिएबल धर. त्याच्या किमती सांग. मेथी, पालक, वांगी." काकू म्हणायच्या, "बाजारात गेल्यावर कळतं हो ते." सर फळ्यावर मांडता येईना म्हणून बाजारात जाऊन रिकामी पिशवी घेऊन परत. डिफॉल्ट.

इथं काकूंचं बरोबर होतं आणि ते सरांनाही ठाऊक होतं, फक्त वर्गात बोलायचे नाहीत. सीच्या स्विचला एका वेळी एकच गोष्ट विचारता येते, आणि तिचं उत्तर आधीच ठरलेल्या पूर्णांकांतलं किंवा अक्षरांतलं लागतं. दहाच्या आत, भिजलेली, बहिणीकडचे येणार, हे तीन वेगळे प्रश्न एकाच पाटीवर बसत नाहीत. शिवाय काकूंच्या 'जर'ना क्रम होता. जे रोज घडतं ते आधी, क्वचितचं नंतर, आणि नणंदेचं सगळ्यात शेवटी. इफ-एल्स लिहिणाऱ्या कित्येक पगारी माणसांना हे कळत नाही.

सरांचा हुकमी एक्का मात्र वेग. "इफवाला दारोदार विचारत जातो. स्विच उडी मारतो." शाळेतल्या हजेरीसारखं ते समजवायचे: एकपासून चाळीसपर्यंत नंबर ओळीनं असले की सतरा म्हटल्यावर मास्तर थेट सतराव्या बाकावर बघतो, पहिल्यापासून तोंडं बघत येत नाही. हे खरंच आहे. केसेस ओळीनं आणि दाट असल्या की कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा, त्यांचा एक तक्ता करतो आणि थेट त्या घरात जातो. पण एकदा सरांनी जिल्ह्याचे पिन कोड घेऊन स्विच लिहिला. नगर ४१४००१, श्रीरामपूर ४१३७०९, संगमनेर ४२२६०५, कोपरगाव ४२३६०१. इतक्या विरळ नंबरांचा तक्ता करायचा तर हजारो बाकं रिकामी ठेवावी लागतील. म्हणून कंपायलर तसं करत नाही, तो मुकाट्यानं 'याच्यापेक्षा मोठा का, लहान का' असं विचारत जातो. म्हणजे सरांच्या स्विचच्या पोटात इफच. साडूंच्या एका विद्यार्थ्यानं हे सरांना भर वर्गात मशीनची भाषा उघडून दाखवलं. सर बराच वेळ पडद्याकडं पाहत होते. मग म्हणाले, "आतून काय का असेना. वरून नीटनेटकं दिसतंय ना?" लग्न जमवतानाही लोक हेच म्हणतात. उलटही घडतं, बरं का. एकाच किमतीबद्दलची इफची लांब माळ दिसली की आजचे चांगले कंपायलर तिचा गुपचूप स्विच करतात. हे साडूंना कुणी दाखवलं नाही.

पायथन आली तेव्हा सर आजारी पडायचेच बाकी होते. सगळी पोरं पायथन मागू लागली आणि त्या भाषेत स्विच नावाची चीज नाही. नुसतं इफ, एलिफ, एलिफ, एलिफ. सर म्हणाले, "ही भाषा नाही, ही चौकशीची खिडकी आहे," आणि पायथन शिकवायला ठाम नकार दिला. क्लासची पोरं हळूहळू पांगली. सरांनी दर महिन्याचा तोटा सोसला, तत्त्व सोडलं नाही. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथनची ३.१० ही आवृत्ती आली आणि तिच्यात मॅच-केस आलं. सरांनी त्या दिवशी क्लासच्या पायऱ्यांवर पेढे वाटले. खालच्या दुकानदारानं विचारलं, "नात झाली?" सर म्हणाले, "केस झाली." पण संध्याकाळी पहिला प्रोग्राम लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की या मॅचमध्ये एक केस झाली की गाडी आपोआप थांबते. उतरावं लागत नाही. ब्रेक लिहायचाच नाही. सर खडू हातात धरून उभे, चार पोरं समोर, आणि ओरडायला काहीच नाही. एका पोरानं सवयीनं हळूच "ब्रेक?" म्हटलं. सर म्हणाले, "इथं लागत नाही बाळा," आणि त्या दिवशी क्लास लवकर सोडला.

पण मला विचाराल तर सरांची खरी परीक्षा दुधात झाली, आणि ती पायथनच्या कितीतरी आधी.

आमच्याकडं गावोगावी दूध संकलन केंद्रं. सकाळ-संध्याकाळ किटल्या, कॅन, रांग. दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, यांवर ठरतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, आणि तिथून पॉइंटागणिक भाव वर किंवा खाली. त्याचं दरपत्रक भिंतीवर चिकटवलेलं असतं. आडवं एसएनएफ, उभं फॅट, मधे भाव. जवळच्या एका गावातल्या डेअरीला हा हिशेब संगणकावर हवा होता. सेक्रेटरी दोघांच्याही ओळखीचे, कुणालाच नाही म्हणता येईना. त्यांनी सहकारी तोडगा काढला: सकाळचं संकलन सरांच्या प्रोग्रामवर, संध्याकाळचं साडूंच्या.

सरांपुढं पहिलीच अडचण अशी की स्विचला दशांश चालत नाही. ३.६ अशी केस लिहिली की कंपायलर दारातूनच परत पाठवतो. साडू मनातल्या मनात हसले असतील. पण सरांनी फॅटला दहानं गुणलं. ३.६ चे ३६. मग ३० पासून ५० पर्यंत फॅटच्या एकवीस केसेस, प्रत्येकीच्या आत ८० पासून ९० पर्यंत एसएनएफच्या अकरा. एकूण दोनशे एकतीस भाव आणि आतबाहेरचे मिळून दोनशे बावन्न ब्रेक, सगळे हातानं टाइप केलेले. काकू सांगत, त्या आठवड्यात हे झोपेतसुद्धा ब्रेक ब्रेक करायचे. साडूंनी ऐटीत इफ-एल्स लिहिलं. फॅट ३.५ च्या खाली असेल तर हा भाव, नाहीतर ३.६ च्या खाली असेल तर तो, अशी जिन्यासारखी उतरत जाणारी माळ. भिंतीवरचा तक्ता जसाच्या तसा संगणकात उतरवून त्यातून भाव उचलावा हे दोघांनाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी भांडायला काय उरलं असतं?

दोन्ही प्रोग्राम झोकात चालू झाले. पावत्या छापून येऊ लागल्या. महिन्याभरात गावात कुजबुज सुरू झाली. ३.६ फॅटवाल्याला ३.५ चा भाव मिळतोय. ३.८ वाल्याला ३.७ चा. पण ३.७ वाल्याला बरोबर ३.७ चा, आणि ३.९ वाल्यालाही बरोबर. आता योग असा की डेअरीच्या एका संचालकाच्या पुतण्याच्या गाईंचं फॅट रोज ३.७. पारावर निकाल लागला: मशीनसुद्धा पार्टी बघू राहिलं.

सरांना बोलावणं गेलं. सर म्हणाले, संध्याकाळचा प्रोग्राम तपासा. साडूंना बोलावणं गेलं. ते म्हणाले, सकाळचा तपासा. पावत्या मांडल्या तर चूक दोन्ही वेळची, तंतोतंत सारखी. त्या दिवशी मी तिथं होतो, सरांची पिशवी धरायला. दोघं एका बाकावर बसले, लग्नात रुसलेले व्याही बसतात तसे, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मग सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरत गेलं. "फ्लोट," ते हळूच म्हणाले. साडूंनी डोळे मिटले.

संगणक दोनाच्या भाषेत मोजतो. एकाला तिनानं भागताना आपण ०.३३३ लिहीत जातो आणि कधीतरी कंटाळून पेन उचलतो, तसं दोनाच्या भाषेत ३.६ लिहिताना त्यालाही कुठंतरी पेन उचलावं लागतं. फ्लोट या छोट्या कप्प्यात ३.६ ठेवला की तो ३.५९९९९९९ होऊन बसतो. पावतीवर एकच दशांश छापला की पुन्हा ३.६ च दिसतो, साळसूद. पण सरांनी त्याला दहानं गुणून मागचा अपूर्णांक तोडला, तर हातात ३५. साडूंच्या माळेनं विचारलं, ३.६ च्या खाली आहेस का? तो म्हणाला, हो, इतकासा. ३.७ मात्र त्याच कप्प्यात केसभर जास्त भरतो, म्हणून तो सुटला. साडेतीन दोनाच्या हिशेबात पुरता बसतो, म्हणून चाचणी घेताना दोघांनी जो आकडा टाकून पाहिला होता, तो नेमका बरोबर आला होता.

बाकावरचं अंतर कमी झालं. दोघंही एकमेकांकडं न बघता एकाच कागदावर वाकले. दहानं गुणल्यावर अर्धा मिळवून मग तोडायचं, म्हणजे ३५.९९९ चे ३६ होतील, हे सरांनी सुचवलं आणि साडूंनी आपल्या प्रोग्रामातही आधी तसंच करायचं मान्य केलं. सेक्रेटरींनी चहा मागवला. आणि तेवढ्यात एक म्हातारी आत आली. नऊवारी, हातात रिकामी किटली, आणि दुसऱ्या हातात दोऱ्यानं बांधलेला पावत्यांचा गठ्ठा.

"मास्तर, झालं का तुमचं सापडून?"

"सापडलं आजी. चूक सापडली."

"मग माझ्यावाल्या पॉइंटाचं काय?" गठ्ठा तिनं टेबलावर ठेवला. तीन महिन्यांतल्या ३.६ च्या तेवढ्या पावत्या तिनं निवडून वेगळ्या काढल्या होत्या. एकशे तेरा. भिंतीवरच्या दरपत्रकाशी एकेक ताडून. एसएनएफ सगळ्यांवर साडेआठ. दर वेळी आठ लिटर, आणि डेअरीत तेव्हा पॉइंटाला तीस पैसे फरक.

सरांनी सेक्रेटरींकडं पाहिलं. सेक्रेटरींनी छताकडं पाहिलं. सरांनी साडूंकडं पाहिलं. मग घसा साफ केला.

"आजी," सर म्हणाले, "जर..."

साडूंचा कप ओठांपाशी थांबला. मी पिशवी घट्ट धरली.

"...जर कमिटीनं मंजुरी दिली, तर पुढच्या पगारात..."

"जर-तर नका सांगू मला," म्हातारी म्हणाली. "दोनशे एकाहत्तर रुपये वीस पैसे झालेत. वीस पैसे राहू द्या."